स्पॅममंदी पडलेले मेल
“वहिनी, दादाचे सगळे मेल स्पॅममंदी पडून हायेत,” सायबर कॅफेवाली बोलली. मांडीवरच्या लेकरानं बापाले अजून पाह्यलं नोतं. नवऱ्याचा दुबईहून आलेला पयला मेल हारपू नये म्हणून मीच थे स्पॅमचं बटन दाबलं होतं, मले वाटलं जपून ठेवाचं हाये, अन् तवापासून त्याचा हर मेल तिकडंच जाऊन राह्यला होता. “तुमीच तं कोंडलं नं त्याले,” म्हणत तिनं त्याचा पत्ता येऊ द्याच्या यादीत टाकला. म्या वाचलं, “घरी येऊ का? तुह्यं उत्तर नाई आलं तं अजून दोन वर्सांच्या करारावर सही करतो.” त्याच्यावर कालचा मेल होता, “सही केली. खुश हायेस ना?” सही तं झालतीच, म्या ‘हो’ लिवलं. आजबी पिपरी मेघेच्या त्या कॅफेच्या गल्लीतून जातानी जीव तुटते. तुमी काय लिवलं असतं?