बाबांची एकुलती एक जादू

बाबांना पत्त्यांची एकच जादू येत होती. कॅटमधला सगळ्यात वरचा पत्ता ते दाखवायचे, उलटा करून मधोमध सारायचे, टिचकी मारायचे आणि तोच पत्ता पुन्हा वर! लहानपणी मी दर वेळी थक्क व्हायचो.

तिच्यामागची युक्ती मी चाळिशीत, ऑकलंडला आल्यावर शिकलो. दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलून खालचा दाखवायचा आणि दोन्ही परत वर ठेवायचे. मध्ये जातो तो भलताच पत्ता. पेनरोजच्या कारखान्यात मी मशीन डिझाइन करतो. तिथे लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून सहा-सात महिने तेवढी एकच उचल घोटली. करंगळीने दोन पत्त्यांखाली केसाएवढी फट धरायची, कडा जुळलेल्या ठेवायच्या, अंगठा ताठ होऊ द्यायचा नाही. फोनवर व्हिडिओ काढायचा, चूक दिसली की पुन्हा.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे हिल्सबरोला राहायला आले. एका रविवारी दुपारी मित्रमंडळी जेवायला होती. बाबांनी कॅट मागितला. माझी आठ वर्षांची मुलगी आणि पाहुण्यांची पोरं त्यांना घेरून बसली. बाबांनी पत्ता उचलला आणि मागचा पत्ता चक्क तिरका डोकावला. पोरांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"बाबा, दुसरा पत्ता दिसतोय," मी म्हणालो. "थांबा, मी दाखवतो."

त्यांच्या हातातून कॅट घेऊन मी करून दाखवलं. शिवाय ते कसं करायचं हेही समजावलं.

"ओह, सो इट्स जस्ट टू कार्ड्स," मुलगी म्हणाली. सगळी पोरं उठून ट्रॅम्पोलिनवर पळाली.

बाबा हसले. "तुझा हात छान बसलाय रे."

संध्याकाळी भांडी पुसताना आई म्हणाली, "मला तो दुसरा पत्ता लग्नाच्या वर्षीच दिसला होता."

"मग कधी बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? किती खुशीत असायचे ते."

तेव्हाच बाहेर जाऊन माफी मागायला हवी होती. त्यांना परत जायला अजून तीन आठवडे होते. त्याऐवजी मी बाबांना करंगळीची फट शिकवायला बसलो. दोन दिवस त्यांनी निमूटपणे केलं, मग बोटं दुखतात म्हणून कॅट बाजूला ठेवला.

आता व्हिडिओ कॉलवर मुलगी हट्ट करते, "आजोबा, डू द कार्ड थिंग!"

"ते तुझ्या बाबाला सांग. तो बिनचूक करतो." त्यांच्या आवाजात टोमणा नसतो. असता तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात शेवटी मी म्हणालो, "बाबा, त्या रविवारी मी चुकलो."

"कुठल्या रविवारी?" त्यांनी विचारलं आणि मी उत्तर देण्याआधीच, तिकडे थंडी पडली का, याची चौकशी सुरू केली.