व्याह्यांच्या काळ्या गाडीवरची राख

तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या छपराखाली बसून लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि संमतीपत्रे लिहून देण्याचे काम मी सव्वीस वर्षे करीत आलो आहे. शाळा नववीत सुटली. परंतु माझ्या हातचा अर्ज मजकुराच्या दोषामुळे परत आला, असे सहसा घडलेले नाही. एखाद्या गोष्टीचा निर्णय घ्यायचा झाल्यास मी तो लवकर घेतो आणि बहुधा तो योग्य असतो. पुढील हकिकतीत तो एकदा चुकला, म्हणूनच ती लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

माझ्या मुलीचे लग्न होऊन तेव्हा सात महिने झाले होते. तिचे सासर नगरचे; कागदोपत्री आता अहिल्यानगर. व्याह्यांनी आयुष्यभर स्कूटर चालवून निवृत्तीनंतर एक नवी काळी गाडी घेतली होती. गाडी घेतल्यावर पहिल्या शनिवारी ती शनिशिंगणापूरला नेऊन तेल वाहायचे, असा त्यांचा संकल्प होता. नेमके आदल्या दिवशी त्यांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. जावई कामानिमित्त बाहेरगावी होते. मी व्याह्यांना पाहायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "व्याही, तुम्ही आणि सूनबाई जाऊन या. तिला दोन दिवस माहेरीही राहू द्या. सोमवारी गाडी आणा, म्हणजे झालं." नवी गाडी दुसऱ्याच्या हाती देणे ही लहान गोष्ट नव्हे. तो विश्वास माझ्यापेक्षा माझ्या मुलीवर होता, हे मला समजत होते.

दर्शन यथासांग झाले. परतताना उरलेल्या तेलाची बाटली मी क्षणभर बॉनेटवर ठेवली, तेवढ्यात ती कलंडली. तापलेल्या पत्र्यावर तेल पसरले आणि मिरजगावला घरी पोहोचेपर्यंत त्यावर रस्त्याची धूळ बसून चिकट थर तयार झाला.

मुलगी म्हणाली, "आप्पा, शाम्पूच्या पाण्यानं धुते मी. दहा मिनिटांचं काम आहे."

मी तिला थांबविले. तेलाला राखेसारखा उतारा नाही, हे आमच्या घरात तीन पिढ्या सिद्ध झालेले होते. समई, निरांजन, तेलाची बुधली, सारे राखेनेच लखलखते. पाणी तापवायच्या बंबातली बारीक राख मी चाळून घेतली, जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला आणि संपूर्ण बॉनेट गोल गोल हाताने घासून काढले. तेल गेले. सायंकाळच्या उजेडात गाडी स्वच्छ दिसली. "बघितलंस?" असे मी मुलीला म्हणालोसुद्धा.

रविवारी सकाळी ऊन गाडीवर आले तेव्हा बॉनेटवर कोळ्याने जाळे विणावे तशा हजारो बारीक रेघा चमकत होत्या. जिथे जिथे माझा हात फिरला होता, तिथे तिथे त्याचे वर्तुळ उमटले होते. मुलगी दारात उभी होती. तिने बॉनेट पाहिले आणि ती फोन घेऊन आत गेली. तिची आई म्हणाली, "अहो, पोरीला उद्या त्या घरात जायचंय. तुमी तर अर्ज लिहून मोकळे व्हाल."

गावाबाहेर हायवेला एका शेडमध्ये गाड्यांना मशीनने पॉलिश करणारे एक कारागीर आहेत. वय माझ्याएवढेच. आईबापांबरोबर ऊसतोडीला जाता जाता त्यांचे बालपण गेले. पुढे पुण्यात एका वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षे काढून ते गावी परतले. त्यांच्या धाकट्या भावाच्या वारसनोंदीचा अर्ज मीच लिहिला होता, त्यामुळे ओळख होती. मी गाडी थेट त्यांच्या शेडमध्ये घातली.

त्यांनी बॅटरीचा झोत तिरका धरून बॉनेट पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"रायटर, कशानं घासलं हे?"

"राखेने."

"कशाच्या?"

"बंबातल्या."

"बाभळीची लाकडं?"

"होय."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "बाभळीच्या राखंनं पितळ लई झ्याक निघतं. पन गाडी पितळंची न्हाई."

त्यांनी एकेका रेघेवरून नख फिरविले. नख अडकले नाही तर ओरखडा वरवरचा, अडकले तर खोल, अशी त्यांची परीक्षा होती. बहुतेक ठिकाणी नख अडकले नाही. कडेला दोन ठिकाणी अडकले. राखेत कोळशाचा खडा राहिला असावा. नंतर एक लहानसे यंत्र पत्र्याला टेकवून त्यांनी रंगाची जाडी मोजली आणि समाधानाने मान हलविली.

"निघंल?" मी विचारले.

"निघंल. पन समजून घ्या. रंगाच्या वर काचंवानी एक थर आसतो, केसापेक्षा पातळ. त्येच्यावर रेघ पडली की ती मी बुजवत न्हाई. रेघंच्या भवतालचा थर घासून तिच्या तळापर्यंत खाली आनतो, मंग रेघ दिसत न्हाई. म्हंजे थर तेवढा कमी झाला. एकदा उतरला की परत चढत न्हाई." मग त्यांनी सहज विचारले, "गाडी तुमची?"

"व्याह्यांची."

"त्येंना म्हाईत हाय?"

"कळविण्याचे कारण नाही. सोमवारी गाडी होती तशी त्यांच्या दारात उभी राहील. तुम्ही काम सुरू करा."

त्यांनी बॅटरी विझविली. "दुसऱ्याच्या गाडीचा थर मी मालकाला इचारल्याबिगर उतरवत न्हाई."

"संमतीपत्र मी आत्ता लिहून देतो. त्यात काय आहे?"

"सही कोनाची?"

गेली सव्वीस वर्षे हाच प्रश्न मी इतरांना विचारीत आलो आहे. दस्तातला चुकीचा शब्द ब्लेडने खरवडून काढू नये, कागद पातळ होतो आणि संशय मात्र जाड होतो. चुकीवर एक सरळ रेघ मारावी, खालचा शब्द वाचता येईल अशी, आणि शेजारी सही करावी, असे मी कित्येकांना बजावले आहे. आता मी स्वतःच ब्लेड शोधत होतो.

मी शेडबाहेर लिंबाच्या सावलीत जाऊन व्याह्यांना फोन लावला. काय बोलायचे याचा मजकूर मी मनात तयार केला होता: प्रथम क्षेमकुशल, मग प्रवासाचा वृत्तांत, मग हळूच मूळ मुद्दा. परंतु व्याही स्वतःच म्हणाले, "बॉनेटचं ना? सूनबाईचा सकाळीच फोन आला. म्हणाली, बाबा, तेल सांडलं म्हणून मी राख लावली, चूक माझी."

पलीकडून विहीणबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "गाडीला राख! माहेरी भांडीच घासली वाटतं नुसती. उद्या टीव्हीला शिकेकाई लावंल."

त्या एका वाक्यात मला पुढची वीस वर्षे दिसली. त्या घरात जे काही फुटेल, सांडेल, करपेल, त्याला या राखेचा दाखला जोडला जाणार होता. आणि ती सर्व राख मी चाळलेली होती.

"व्याही," मी म्हणालो, "राख मी लावली. ती शाम्पूने धुते म्हणत होती, मीच तिला थांबविलं. तिने बॉनेटला बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मग ती तसं का म्हणाली?"

मुलीला अजाणतेपणाच्या ठपक्यातून सोडवावे तर ती खोटी ठरत होती. इतरांसाठी अशा पेचातून मी शब्दांनी वाट काढली असती. येथे मी जे होते तेच सांगितले, "तुमच्यासमोर बापाची मान खाली जाऊ नये म्हणून. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. आणि मी तर तुम्हाला न कळवताच पॉलिश करून घ्यायला निघालो होतो. कारागिराने नाही म्हटलं, म्हणून हा फोन."

व्याही म्हणाले, "त्या कारागिराला फोन द्या."

मी शेडमध्ये जाऊन फोन दिला. कारागीर ऐकत राहिले, "व्हय... व्हय जी... दोन खोल हायेत, त्येंच्या मागं लागनार न्हाई, न्हाईतर थरच संपंल... बरं," असे म्हणाले आणि फोन परत देऊन त्यांनी बाह्या सरसावल्या.

काम दुपारपर्यंत चालले आणि मी ते प्रारंभापासून अखेरपर्यंत पाहिले. प्रथम गाडी धुतली. मग मातीच्या गोळ्यासारखा एक लगदा पाणी मारून फिरविला, त्यात डोळ्याला न दिसणारी घाण निघून आली. कडांना आणि रबराला कागदी पट्ट्या चिकटविल्या. मशीनला स्पंजची गोल चकती लावून तिच्यावर पॉलिशच्या औषधाचे चार थेंब टाकले आणि वीतभर जागेत मशीन इतके सावकाश फिरविले की मला वाटले, हे गृहस्थ झोपले की काय. मी घाई करण्याविषयी सुचविले. ते म्हणाले, "रायटर, तुमची घाई बॉनेटवर दिसती हाय." तेवढा वीतभर तुकडा पुसला तेव्हा त्यात शेडचे पत्रे, वरचा दिवा आणि माझा चेहरा स्वच्छ दिसला, शेजारी जाळे तसेच होते. मग औषध बदलले, चकती बदलली, आणि शेवटी मेणाचा हात दिला. कडेच्या दोन रेघा राहिल्या. त्या त्यांनी मला बोट ठेवून दाखविल्या, म्हणाले, "ह्या मालकाला आधी दाखवा."

सोमवारी नगरला पोहोचल्यावर मी तसेच केले. व्याही काळा चष्मा लावून बॉनेटवर वाकले, दोन्ही रेघांवरून त्यांनी बोट फिरविले आणि म्हणाले, "राहू द्यात." यापलीकडे त्यांनी गाडीविषयी काही विचारले नाही. मुलगी दाराच्या आत उभी होती, हातात पिशवी तशीच. तिचे लक्ष गाडीकडे नव्हते. ती सासूबाईंकडे पाहत होती.

विहीणबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "बापासाठी खोटं बोललीस ना?"

"हो, आई."

"पुन्हा बोलायचं झालं तर आधी मला सांगत जा. साक्षीदार नसला की असं उघडं पडतं." आणि माझ्याकडे वळून, "काय हो, बरोबर ना? तुमच्या कचेरीत दोन साक्षीदार लागतात म्हणे."

"लागतात," मी म्हणालो.

मुलगी हसत आत गेली. आतून दोघींचे बोलणे ऐकू येऊ लागले. कोणाचे काय ते कळत नव्हते, पण दोन्ही आवाज सारखेच मोठे होते. मग मी व्याह्यांना गाडी यापुढे कशी पुसावी ते समजावून सांगितले: कोरडे फडके कधी लावू नये, वरून खाली यावे, एक बादली साबणाची आणि दुसरी फडके खळबळायची. व्याह्यांनी दोनदा जांभई दिली. तरी मी दोन्ही बादल्या पूर्ण सांगितल्या.