निम्मी वीज कुणी नेली?

माझे मामेसासरे पोलादपूरकडच्या डोंगरातल्या एका गावचे. दर बाजाराला एसटीनं महाडला यायचे, आमच्या ओटीवर टोपी काढून ठेवायचे आणि चहा पुढ्यात येण्याआधीच म्हणायचे, "आपली निम्मी वीज पळवली गो, सूनबाय!"

पळवणारं राज्य मात्र बदलायचं. एका बाजाराला गुजरात, पुढच्या बाजाराला म्हैसूर. निम्मी हा आकडा तेवढा पक्का असे.

त्यांचा राग खोटा नव्हता. कोयनेची वीज सुरू झाली होती, विजेचे उंच मनोरे डोंगर ओलांडून गेले होते आणि त्यांच्या घरात मात्र अजून रॉकेलची चिमणी होती. "डोक्यावरनं जाते, पन खाली उतरत नाय," असं ते म्हणत तेव्हा मलाही वाईट वाटे.

एकदा ते मोठ्या घाईत आले. वीज खात्याचे एक साहेब दिवाळीनंतर पोलादपूरला गाऱ्हाणी ऐकायला येणार होते आणि गावानं बोलायला मामांना उभं करायचं ठरवलं होतं. मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे, म्हणून भाषण लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

"लिही, निम्मी वीज परराज्यात जाते."

"कशावरून, मामा?"

"सगळे म्हनतात."

आतून सासूबाईंचा, म्हणजे त्यांच्या बहिणीचा, आवाज आला. "सगळ्यांना दादानंच सांगितलंय."

मामांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी म्हटलं, "साहेबांनी पुरावा मागितला तर? दिवाळीत पुण्याला जातेय, तिथं शोधते."

पुणं माझं माहेर. वडील तिथल्या एका ग्रंथालयाचे सभासद होते, ते मला तिकडे घेऊन गेले. सरकार दरवर्षी विजेच्या आकड्यांचं एक पुस्तक छापायचं. कोणत्या राज्यानं किती वीज तयार केली, किती आणि कुठं वापरली, शेजाऱ्यांना किती दिली, त्यांच्याकडून किती घेतली, सगळं त्यात होतं. कुणीही उघडून बघावं असं पुस्तक, पण कुणी उघडलेलं दिसत नव्हतं. छापखान्यातून कडेला जोडलेली आलेली पानं कापलेलीसुद्धा नव्हती. वडिलांनी ती पट्टीनं कापली आणि पुस्तक स्वतःच्या नावावर काढून दिलं.

पुढच्या बाजाराला मी ते मामांसमोर ठेवलं.

"हे कुनी छापलं?"

"सरकारनं."

"मंग संपलं! चोर आपली चोरी छापील व्हय?"

प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, "लग्नात आहेराची यादी मुलीकडचेही करतात, मुलाकडचेही. दोन्ही जुळल्या तर?"

"तर खोट नाय."

"मग इथंही तसंच बघू. आपण दिलेली वीज आपल्या पानावर आहे, शेजाऱ्यानं घेतलेली त्याच्या पानावर."

मामा पुढं सरकले. इंग्रजी येत नसलं तरी आकडे त्यांना कळत होते. बोट ठेवून त्यांनी दोन्ही पानं ताडली. थोडा फरक होता, तो तारांत गळालेल्या विजेचा असेल म्हणून त्यांनीच माफ केला. मग त्यांनी एकूण विजेचा आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. शेजाऱ्यांना गेलेली वीज निम्मी तर नव्हतीच, ताटातल्या चिमूटभर मिठाएवढी होती. शिवाय थोडी आपणही त्यांच्याकडून घेतली होती.

"मग बाकीची गेली कुठं?"

मी पान उलटलं. बहुतेक सगळी मुंबईकडे, कारखान्यांत आणि गिरण्यांत.

मामांचे दोन्ही मुलगे मुंबईत गिरणीत होते. सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, चोर घरातच सापडला की रे!"

मामा हसले नाहीत. मला वाटलं, आता भाषण राहिलं.

पण सभेला ते उभे राहिले. मी मागं बायकांत बसले होते. साहेब परराज्याच्या आरोपाला उत्तर तयार ठेवून आले होते, समोरचे कागद त्यांनी चाळलेही. मामा म्हणाले, "सायेब, आमची वीज परराज्यानं नेली नाय. तुमच्याच पुस्तकात हाय. ती मुंबईला जाते. तिथं गिरन्या चालवनारे पोरगे आमचे. पोरगे दिले, डोंगर दिला, मनोऱ्यांना जागा दिली. मंग एक तार खाली सोडायला काय अडचन हाय?"

साहेबांनी कागद मिटले. "बघतो," एवढंच म्हणाले, पण गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं. परतताना मामा इतके ताठ चालत होते की एसटीच्या दारात टोपी पडली.

वीज आली, आपल्याच भाषणानं आली, असं ते शेवटपर्यंत सांगत. भाषण आणि दिवा यांच्यामध्ये किती पावसाळे गेले, ते मला सांगता आलं असतं. एकदा मी तोंड उघडलंही, पण सासूबाईंनी डोळ्यांनीच दटावलं, आणि मी मुकाट्यानं चहा टाकायला आत गेले.