मान न हलवण्याची शिकवणी

बहिऱ्या मुलांना काहीही सांगितलं की ती हो म्हणून मान हलवतात. समजलं तर हलवतात, नाही समजलं तर जास्तच हलवतात. ह्यात लबाडी नसते. "पुन्हा सांगा" म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते, आणि आठी दिसायला कान लागत नाहीत. लहानपणापासून त्या आठ्या बघितल्या की कोणीही मान हलवायला शिकेल. मीही शिकले असते.

नाशिकला मी बहिऱ्या मुलांना शिकवण्याचं ट्रेनिंग घेतलं, तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे सगळा भर ओठ वाचण्यावर आणि तोंडातून शब्द काढून घेण्यावर. मूल हातवारे करायला लागलं की त्याला हाताची घडी घालून बसवायचं, असा तेव्हा रिवाजच होता. मग लग्न झालं, नवऱ्याला सिल्वासाला एका कारखान्यात मेंटेनन्सची नोकरी लागली, आणि माझं सर्टिफिकेट चांगल्या साड्यांच्या खाली पेटीत गेलं.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. सिल्वासाच्या हद्दीपलीकडे गुजरातेत एक कॉमर्स कॉलेज होतं. तिथे कोणा ट्रस्टींच्या आग्रहावरून तीन बहिऱ्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला होता, आणि आता त्यांचं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. आमच्या कॉलनीतल्या एका बाईंनी प्राचार्यांना माझं नाव सांगितलं. प्राचार्यांनी मला जिन्याखालची एक खोली दिली, आठवड्यातून दोन दिवस यायला सांगितलं आणि 'काउन्सेलर' अशी पदवी बहाल केली. खोलीत आधी खेळाचं सामान असायचं. कोपऱ्यातला फुटका कॅरम बोर्ड शेवटपर्यंत कोणी हलवला नाही.

माझं काम म्हणजे सल्ला देणं. कोणता विषय घ्यावा, कोणता सोडावा, कोणत्या सरांच्या तासाला पुढच्या बाकावर बसून उपयोग आहे. अकाउंट्स घ्या, कारण आकडे फळ्यावर असतात. अर्थशास्त्राचे सर तोंडात पान ठेवून शिकवतात, त्यांचे ओठ ब्रह्मदेवालाही वाचता येणार नाहीत, तेव्हा त्यांच्या तासाच्या नोट्स मैत्रिणीकडून घ्या. त्यातून ही मुलं मराठी ओठ वाचायला शिकलेली, आणि सर शिकवणार गुजरातीतून, मध्येच इंग्रजीतून. दोघे मुलगे पहिल्याच वर्षी गळले. एकाला मामा सुरतेला हिरे घासायला घेऊन गेला, दुसऱ्याने नुसतंच येणं सोडलं. उरली ती एक मुलगी.

ती सिल्वासाजवळच्या नरोलीची. म्हणजे मूळची धुळ्याकडची. वडील नरोलीला सुताच्या कारखान्यात पाळीवर जायचे, आणि आई, वडील, ती आणि धाकटा भाऊ अशी चार माणसं एका भाड्याच्या खोलीत राहायची. ती धुळ्याला बहिऱ्यांच्या शाळेत, वसतिगृहात राहून शिकलेली. तिला बँकेत नोकरी करायची होती. काउंटरवर नाही, आत, टेबलाशी, जिथे लोकांशी बोलावं लागत नाही आणि आकडे नीट जुळवावे लागतात. त्यासाठी आधी बी.कॉम. व्हायचं होतं. पदवी हातात पडेपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही, हे तिने वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. वडील कौतुकाने मला म्हणाले होते, "मन्ही पोर हुशार शे ताई. पण तिले पुढे कोन सांभाळी?" हुशारीचं कौतुक आणि ही काळजी ते नेहमी एका दमात बोलून टाकायचे.

पहिल्या दिवशी मी तिला टाइमटेबल समजावून सांगितलं. तिने मान हलवली. विषय सांगितले, मान हलवली. मग मला शंका आली. चेहरा अगदी गंभीर ठेवून मी भराभर म्हणाले, "शुक्रवारी अकाउंट्सच्या तासाला हत्ती येणार आहे, समजलं?" तिने मान हलवली. मी तेच वाक्य कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवलं. तिने वाचलं, तिचे कान लाल झाले, आणि मग ती इतकी हसली की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला.

त्या दिवसापासून आमची एकच शिकवणी सुरू झाली, मान न हलवण्याची. नाही कळलं की उजवा हात वर करायचा, पाचही बोटं पसरून. थांबा, कळलं नाही. नाशिकच्या माझ्या बाईंनी बघितलं असतं तर मला हाताची घडी घालून बसवलं असतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. जी गोष्ट तोंडाने सांगताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा, ती हाताने एका क्षणात सांगून व्हायची. वसतिगृहात मुलं आपसात करायची त्या खुणा मीही हळूहळू तिच्याकडून शिकले.

हे शिकायला तिला जवळजवळ वर्ष लागलं. कॉलेजच्या वर्गात, पन्नास पोरांसमोर, सरांना हात दाखवून थांबवणं म्हणजे काय, ते तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही. अकाउंट्सचे सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, आणि त्यांची मिशी वरच्या ओठावर पडद्यासारखी आलेली. पहिल्यांदा तिने हात वर केला तेव्हा त्यांना वाटलं, हिला बाहेर जायचंय. तिसऱ्यांदा केला तेव्हा त्यांनी खडू टेबलावर आपटला. मी त्यांना जाऊन भेटले आणि मिशी थोडी कमी करण्याची विनंती केली. ते ताठ उभे राहून म्हणाले, "मूछ मारी छे, बेन." म्हणजे मिशी माझी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र ते मिशी कातरून आले, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले की बायकोने सांगितलं म्हणून. पुढे ते वर्गाकडे तोंड करून शिकवायला लागले. इतर पोरांचेही मार्क वाढले, असं तेच मला सांगत होते.

ती दुसरं वर्ष पास झाली. अकाउंट्समध्ये वर्गात दुसरी. एकच वर्ष राहिलं होतं, आणि मी खुळ्यासारखी तिच्यासाठी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं नाशिकहून मागवून ठेवली होती.

त्याच सुमारास एका रविवारी नवऱ्याचे एक मित्र आमच्याकडे जेवायला आले. पुण्याचे, प्लॅस्टिकच्या कारखान्यात मॅनेजर. बादल्या, डबे, झाकणं, असला माल निघायचा तिथे. माझं काम ऐकून त्यांना एकदम उत्साह आला. "वहिनी, अशी मुलं असतील तर पाठवा ना आमच्याकडे. मशीनच्या आवाजाने बाकीचे कंटाळतात, ह्यांना त्रास नाही. गप्पा नाहीत, तक्रार नाही. सांगितलं की मान हलवतात आणि कामाला लागतात." ते हे चांगल्या मनाने बोलत होते, हेच मला जास्त झोंबलं. मी म्हणाले, "माझी मुलगी मान हलवत नाही." त्यांना वाटलं मी विनोद केला. मी त्यांना दुसऱ्यांदा वरण वाढलं नाही, आणि नवरा त्यावरून रात्री माझ्याशी भांडला.

मे महिन्यात मी माहेरी नाशिकला गेले. आईचं ऑपरेशन होतं, येणं लांबलं. जूनमध्ये परत आले तर दुसऱ्याच दिवशी नवरा कारखान्यातून आला आणि बूट न काढता उंबऱ्यातच उभा राहिला. नरोलीच्या एका कारखान्यात अपघात झालाय म्हणाला. बहिरी मुलगी आहे. त्या लोकांना कोणी तिची भाषा येणारं हवंय, कोणीतरी तुझं नाव सांगितलंय.

नाव विचारायची मला गरज पडली नाही.

झालं होतं ते असं. वडिलांच्या कारखान्यात काम कमी पडलं आणि त्यांना महिनाभर घरी बसवलं. शेजारच्या बाईने सांगितलं की डबे करण्याच्या कारखान्यात बहिऱ्या पोरींना लगेच घेतात. सुट्टीच आहे, तर तिसऱ्या वर्षाची फी निघेल, म्हणून ती आपणहून गेली. मशीनमध्ये साचा बंद होतो, उघडतो, तयार डबा हाताने काढायचा. साच्यापुढे एक दार असतं, आणि ते उघडं असताना साचा बंद होत नाही, अशी सोय असते. माल भराभर निघावा म्हणून तिथे ती सोय तारेने बांधून टाकली होती. हे मला नवऱ्याने समजावून सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

मी नरोलीला गेले तेव्हा ती खोलीत पलंगावर बसली होती, हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळून उशीवर ठेवलेला. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती, आणि माझ्याकडे वळली नाही. मला बघितल्यावर मुलीने डाव्या हाताने सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी सुपरवायझर मशीनचं काहीतरी सांगत होता, गुजरातीत, पाठमोरा. मी हात वर केला, ती सांगत होती. तो ओरडला. मी पुन्हा वर केला. तो हसला आणि मशीनकडे बोट दाखवून निघून गेला. हे सांगताना ती रडत नव्हती. मीच रडत होते.

थोड्या वेळाने कंपनीचा माणूस आला, कामगारांचं बघणारा. पांढरा शर्ट, हातात बिस्किटांचा पुडा. तो आमच्या दोघींच्या मध्ये खुर्ची ओढून बसला. वडिलांना कोणी बस म्हटलं नाही, घर त्यांचं असून ते दाराशी उभे राहिले. तो मला म्हणाला, "जुओ बेन, दवाखाने का सब कंपनी ने देख लिया है. बस एने पूछो, मशीन का इसको समझाया था कि नहीं? हाँ बोल दे, बात खतम."

मी त्याच्याकडे न बघता तिला जसंच्या तसं विचारलं. ओठांनी आणि हातांनी, दोन्ही. तुला समजावून सांगितलं होतं का?

तिने उजवा हात उशीवरून उचलला. किती दुखत असेल ते तिच्या ओठांवरून दिसलं. पट्टी गुंडाळलेला तो हात तिने डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरून ठेवला.

"हां, हां," तो माणूस म्हणाला, "हाँ बोल रही है."

"नाही," मी म्हणाले. "कळलं नव्हतं, असं सांगतेय ती. तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं." माझा आवाज एवढा चढला होता की बाहेर चाळीतली माणसं जमली. तेवढ्या पाच मिनिटांत मला वाटलं, जिंकलो आपण. आता हा माणूस काय करेल?

त्याने फार काही केलं नाही. खुर्ची वळवली आणि वडिलांशी बोलायला लागला. हिंदीत, गुजरातीत, मध्येच इंग्रजी शब्द टाकून, शांतपणे आणि बराच वेळ. मशीन चालू असताना तिने हात घातला, तिचं लक्ष नव्हतं, तिला सांगितलं होतं, आमच्याकडे साक्षीला माणसं आहेत, कंपनी माणुसकीने वागतेय, धाकट्या मुलाला पुढे कामावर घेऊ, खरं की नाही? आणि वडील मान हलवत होते. प्रत्येक वाक्याला हलवत होते. वाक्य संपायच्या आत हलवत होते. दोन्ही कान शाबूत असलेला माणूस.

तो गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. ते भिंतीला टेकून खाली बसले. "माले ते काय बोलना ते समजनंच नही, ताई," ते म्हणाले. "मोठा मानसं. त्यास्ले कसं इचारानं?"

मुलगी पलंगावरून सगळं बघत होती. ती मान तिच्याइतकी कोणाला ओळखू येणार? तिने माझ्या पदराला ओढ दिली आणि डाव्या हाताने म्हणाली, ह्यांनाही शिकवा.

मी प्राचार्यांकडे गेले. परीक्षेला लेखनिक मिळतो तो आंधळ्यांना, ते म्हणाले, आणि लेखनिकाला ही सांगणार कशी?  त्या प्रश्नाचा मला आजही संताप येतो. डाव्या हाताने लिहायचं ठरलं. ती पंधरा दिवस कॉलेजला आली. जिन्याखालच्या खोलीत बसून ती ओळीने आकडे काढायची, पोर पहिलीत काढतं तसे, मोठे आणि वाकडे. अकाउंट्सचे सर एकदा दारात येऊन उभे राहिले आणि तसेच परत गेले. मग एक दिवस वडील आले. गावाकडे एक स्थळ आलंय, माणूस बिजवर आहे पण शेती आहे, हाताचं त्यांना चालतंय. वडिलांना मी पुष्कळ बोलले. त्यांनी सगळ्याला मान हलवली.

लग्नासाठी निघालेली ती धुळ्याच्या एसटीत खिडकीशी बसली होती. मी खाली उभी राहून, ओठ सावकाश हलवत, हातांनी एकेक गोष्ट तिला सांगितली. डाव्या हाताचा सराव सोडू नकोस. मी युनिव्हर्सिटीला विचारते, काहीतरी वाट निघेल. पुढच्या जूनमध्ये परत यायचं, जागा मी राखून ठेवते, तिसरं वर्ष पूर्ण करायचं. समजलं?

उजवा हात पदराखाली होता. तो तिने काढला नाही. माझ्याकडे बघून ती थोडी हसली, आणि तिने मान हलवली.