साक्षगंध, रेडिएटर आणि मी

ऐन मे महिन्यात गाडीचा हीटर लावून भोपाळहून इंदूरला जाणारं कुटुंब आमच्याशिवाय दुसरं कुठलं असेल, असं मला वाटत नाही.

गाडी आमच्या निनादची. सेकंडहँड, पण टर्बो इंजिनाची. पोरानं तिच्यात इतकी कारागिरी केली, की ती सुसाट पळायची आणि तितकीच तापायची. म्हणून त्यानं ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर मागवला, शिवाय पाण्याचं आणि तेलाचं तापमान दाखवणारे दोन मीटर. तापमान म्हटलं की मी आलेच! सरकारी कारखान्यात एकतीस वर्षं मी तापमानाचे मीटर तपासायचंच काम केलं. रिटायर झाले तरी हात शिवशिवतात.

"आई, मेकॅनिक लावेल ना सगळं," निनाद म्हणाला.

"लावू दे! पण तपासल्याशिवाय एकही मीटर गाडीत जाणार नाही."

पाण्याचा सेन्सर मी उकळत्या पाण्यात बुडवला. काटा अठ्ठ्याण्णववर थांबला. (बरोबरच आहे. भोपाळ उंचावर, इथं पाणी शंभराच्या आतच उकळतं.) तेलाचा सेन्सर भज्यांच्या कढईत सोडला. मीटर पास झाला, भजी नापास झाली. आमच्या ह्यांनी बिचाऱ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

बिट्टन मार्केटच्या मागे रईसभाईंचं गॅरेज आहे. तिथं मी स्टूल टाकून बसले. ते काम करत होते, मी सूचना करत होते.

"आंटी, आप ही लगा लो, मैं चाय पी आता हूँ," असं ते दोनदा म्हणाले.

निनादचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दुसऱ्याच दिवशी, इंदूरला, बाराच्या मुहूर्तावर. मुलीच्या आईनं फोनवर बजावलं होतं, "आमच्याकडे वेळ म्हणजे वेळ हं!" उशीर झाला म्हणून त्यांनी आधीचं एक स्थळ दारातूनच परत पाठवलं होतं म्हणे. म्हणून निनादनं सकाळीच गाडी काढली.

सिहोर गेलं आणि पाण्याचा काटा चढायला लागला. पंच्याण्णव. शंभर.

"आई, मीटर खराब तर नाही?"

"मी तपासलेला मीटर?" माझा असा संताप झाला! "मीटर बरोबर आहे. रेडिएटर बोगस आहे!"

एकशे पाच. निनादनं एसी बंद करून हीटर फुल केला. (इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायचा जालीम उपाय!) इंजिनाला बरं वाटलं असेल. मागे ह्यांच्या मांडीवरच्या पेढ्यांची बासुंदी व्हायला लागली.

"अगं, साक्षगंधाला चाललोय की अग्निपरीक्षेला?" हे ओरडले.

मी रईसभाईंना फोन लावला आणि असं झाडलं, असं झाडलं, की बिचाऱ्यांना तोंड उघडायला जागाच ठेवली नाही.

एकशे दहाला आष्ट्याजवळच्या ढाब्यावर थांबलो. घड्याळ पळत होतं, निनाद रडायच्या बेतात. शेजारचा एक ट्रकवाला वाकून पुढच्या जाळीतून आत बघायला लागला.

"बहनजी, ये पन्नी किसने छोड़ दी?"

पन्नी! नव्या रेडिएटरवरचं प्लास्टिक! वारा आत जाणार कुठून? आणि रईसभाई ते काढत असताना त्यांचा हात धरला होता मीच. "रहने दो ना भाईसाब, साक्षगंध तक तो नया रहेगा!" काय करू? आमच्या टीव्हीच्या रिमोटची पिशवीसुद्धा अजून निघालेली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रईसभाईंना परत फोन करून माफी मागितली.

"आंटी, मैं तो यही बता रहा था," ते म्हणाले.

इंजिन निवल्यावर निनादनं पन्नी ओढून काढली. काटा नव्वदवर येऊन गुमान बसला.

बाराला पाच मिनिटं असताना पोचलो. मी लालबुंद, घामानं निथळत होते. होणारी सून, सायली, पाया पडली, माझा हात धरला आणि दचकली.

"आई, तुम्हाला ताप आहे!"

मी काही सांगायच्या आत तिनं थर्मामीटर आणून माझ्या जिभेखाली ठेवलासुद्धा. आणि नेमकं तेव्हाच गुरुजींनी विचारलं, "मुलाच्या आई, मुलगी पसंत आहे ना?"

आता, मीटर एकदा लावला की रीडिंग येईपर्यंत हलवायचा नाही, हे मी कारखान्यात येईल त्या प्रत्येकाला दरडावून शिकवलंय. मी ओठ घट्ट मिटले.

"पसंत आहे ना?" गुरुजींनी पुन्हा विचारलं.

निनाद पांढराफटक. विहीणबाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मान हलवावी, तर थर्मामीटर हलणार!

टीं टीं वाजलं एकदाचं.

"पसंत आहे! पसंत आहे!" मी किंचाळले.

"मग इतका वेळ कसला विचार करत होता?" विहीणबाईंनी विचारलं.

मी सगळं खरं खरं सांगून टाकलं. भजी, पन्नी, हीटर, थर्मामीटर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गुरुजींकडे वळल्या.

"गुरुजी, आता जरा आमच्या मुलीलाही परत एकदा विचारून घ्या."