गुलाबी साडीचा बायोडाटा

आमच्या सातारच्या घरात रंगीत प्रिंटर आला तो माझ्या हौसेनं. मी शाळेत शिक्षक. प्रकल्प, तक्ते घरीच छापू म्हणून टीव्हीशेजारी तो बसवला. महिनाभर वापरला नाही की त्याची शाई सुकते. म्हणून आधी तपासणीचा एक कागद काढायचा. त्यावर काळ्या, निळ्या, गुलाबी, पिवळ्या बारीक रेघा येतात. एखाद्या रंगाच्या रेघा आल्याच नाहीत, तर त्या रंगाचं छिद्र बुजलंय. इतकं सोपं. मला ते कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, म्हणून हे लिहितोय.

माझी पुतणी आमच्याकडेच राहते, शिरवळच्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे. तिला रहिमतपूरचं स्थळ आलं. फोटो मोबाइलवर पाठवला, तर मुलाच्या आईचा निरोप आला, "मोबाइल देवापुढं कसा ठेवायचा? कागद द्या." त्यांच्याकडे मुलीच्या बायोडाट्याला आधी हळदकुंकू लागतं, मग माणसं बघायला निघतात. तेव्हा पुतणीची आई, म्हणजे माझी वहिनी, सांगलीहून थेट माझ्या प्रिंटरपाशी आली.

तपासणीचा कागद काढला. निळ्या रेघा गायब. तरी म्हटलं, बघू तरी कसा येतो, आणि बायोडाटा छापला. फोटोत पुतणी पेरूच्या झाडाखाली निळ्या साडीत उभी. कागदावर साडी गुलाबी झाली, पेरूची पानं पिवळी पडली आणि आमची सावळी पोर चांगली दोन छटा उजळून निघाली.

"आगं बया! भाऊजी, लय झ्याक आलाय!" वहिनी म्हणाली.

"वहिनी, निळा रंग बंद आहे. साडी गुलाबी झालीय."

"साडीसंगं लगीन हाय व्हय कुणाचं?"

मी प्रिंटर साफ केला, पुन्हा छापला. साडी निळी, पानं हिरवी, पोरगी जशी आहे तशी. वहिनीनं तो कागद लांब धरून पाहिला. "बिघडवलासा न्हवं? कशाला हात लावलासा त्येला?"

मी दर महिला दिनाला शाळेत गोऱ्या रंगाच्या वेडावर बोलतो. भाषण ठरलेलं, टाळ्याही ठरलेल्या. त्या दिवशी मात्र गुलाबी साडीचा कागद पाकिटात घालून पत्ता मीच लिहिला, तोही सुवाच्य अक्षरात. पोरीचं भलं होतंय, अशी मनाची समजूत घातली. समजूत घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पुढच्या रविवारी रहिमतपूरची माणसं आमच्याकडे आली. फोटोतली तीच साडी नेसून पुतणी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईनं पर्समधून घडीचा कागद काढला. त्यावर हळदकुंकवाचं बोट उमटलं होतं. ती एकदा कागदाकडं बघे, एकदा पोरीकडं.

"पोरी, फोटोतली गुलाबी साडी न्हाई नेसलीस? लय खुलत हुती."

पुतणीनं कागद मागून घेतला. स्वतःचा चेहरा तिनं पाहिलाच नाही. पेरूच्या पानांवर बोट ठेवलं.

"काका, निळा बंद होता?"

"जुना झालाय गं प्रिंटर," मी म्हणालो. प्रिंटर घेऊन सहा महिनेही झाले नव्हते.

ती उठली. सगळ्यांसमोर प्रिंटर चालू करून तिनं तपासणीचा कागद काढला. काळ्या, निळ्या, गुलाबी, पिवळ्या, सगळ्या रेघा अखंड.

"हा तर साफ केलेला आहे. कधी केला, काका?"

वहिनी पदराशी चाळा करत बसली. पाहुणे पोहे चावायचे थांबले.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "दुसरा कागद नीट आला होता. पाठवला हा."

"म्हंजी ठावं आसून दिला व्हय आमाला?" मुलाची आई म्हणाली.

"काकू, साडी निळीच आहे आणि मीही अशीच आहे," पुतणी म्हणाली. "चालत असेल तर नीट छापलेला देते. नसेल तर पोहे खाऊन जा, गरम आहेत."

बाईनं पोह्यांची बशी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "दे नवा. आन् ह्यो ठिवून घे. देवापुढचा हाय, टाकू नगंस."

नवा कागद रहिमतपूरला गेला. आठ दिवसांनी त्यांचा होकार आला. पुतणीचा अजून आलेला नाही. "मी तपासतेय," एवढंच म्हणते, आणि तिला घाई करायची हिंमत आता घरात कुणाला नाही.

टाकू नये म्हणून जुना कागद तिनं प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटवलाय. त्यावर कारखान्यातल्या पद्धतीनं लाल पेनानं लिहिलंय: नापास. दोष: निळा रंग नाही. तपासणाऱ्याच्या लक्षात आला होता का: होय.

खाली सहीसाठी जागा सोडली होती. दोन दिवस मी तिकडं बघायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी सही केली.