सतरा भांडी आणि माझा तर्क

आमच्या जळगाव जामोदात तेव्हा अक्कलवान माणसं दोनच होती, आणि दुसऱ्याचं नाव मला आठवत नाही. साप्ताहिकातलं शब्दकोडं मी पेन्सिल न उचलता, नुसत्या तर्कानं सोडवायचो. (एकदा बक्षीसही आलं! कंगवा.)

दादाचं लग्न संग्रामपूरच्या सुमनशी ठरलं. सुनेसाठी आईनं सतरा पितळी भांडी घेतली. त्यांवर तिचं सासरचं नाव घालून ती मांडवात मांडायची, ही आईची जन्माची हौस. नाव टाकणारा बसायचा फक्त बाजाराच्या दिवशी. बाजार उद्यावर आलेला, आणि त्यापुढचा थेट लग्नानंतर! आणि नाव तर दादाच्या पोटात. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहीपर्यंत तो बापालाही सांगेना.

मला कुतूहलानं अन्न जाईना. (त्या दिवशी सहाच भाकरी गेल्या.)

"दादा, सांग ना, काय नाव ठेवून राह्यला?"

"काऊन सांगू बे? मोठा कोडी सोडवते ना? सोडव! तीन सवाल इचार. चौथा इचारला तं पाटा फेकून मारीन!"

"अक्षरं तीन?"

"हाव."

"पह्यलं सु?" (त्याच्या वहीच्या मागच्या पानावर पाचशे वेळा 'सु' गिरवलेला मी पाहिला होता.)

दादा चपापला. "हाव."

"फुलाशी संबंध?"

"हाव! आता पळ!"

मी मांडी ठोकली. सुनंदा बाद, सुशीला बाद, सुलभा बाद. उरली एकच: सुगंधा!

तांदूळ निवडता निवडता आई म्हणाली, "अरे, सुमन बी तं बसते ना त्याच्यात?"

मी हसून गडबडा लोळलो. "आई, ते तं माहेरचं नाव! ते बदलाचं म्हणूनच तं नवं ठेवतेत. तर्कात ते पह्यल्याच फटक्यात बाद!"

"तू शिकेल हायेस बापा," आई म्हणाली. घंगाळापासून पळीपर्यंत सतराही भांड्यांवर 'सौ. सुगंधा' ठोकलं गेलं.

लग्नात मी भांडी चादरीखाली झाकून दबा धरून बसलो. दादानं ताटात 'सु' काढला मात्र, मी "सुगंधा!" म्हणून आरोळी ठोकली आणि चादर ओढली.

दादानं पुढे शांतपणे 'म' आणि 'न' काढले. "मले हेच नाव आवडते," तो लाजून म्हणाला. "बदलू काऊन?"

नवरीची मावशी भांड्यांवर वाकली. "अन हे सुगंधा कोन हो, जावाईबापू?"

नवरीनं दादाकडे असं पाहिलं, की ताटातले तांदूळ शिजले असते! दादा घामाघूम. "म्या नाई टाकलं! ह्यानं टाकलं!"

"म्हंजे याच्यावाली हाय का?" मावशीनं माझा दंड धरला. नवरी पाटावरून अर्धी उठलेली. आईचा चेहरा पांढराफटक.

"हाव," मी म्हणालो. "माझ्यावाली हाय."

नवरी बसली. आईनं सतराही भांडी मुकाट्यानं माझ्या नावे पेटीत टाकली.

तीन वर्षांनी माझं लग्न झालं. मी तांदळाला अंगठी टेकवण्याआधीच अख्ख्या मांडवानं नाव ओळखलं, आणि त्यातल्या एकानंही आयुष्यात कोडं सोडवलेलं नव्हतं!